पहिल्याच वेळी संगणक एवढा का रेंगाळतो?

प्रतिनिधी

संगणकाचे बटण दाबले जाते, काही वेळाने पडद्यावर नेहमीचे चित्र येते, कोपऱ्यातले घड्याळ आणि छोटी चिन्हे आपापल्या जागी उमटतात आणि आता कामाला सुरुवात करण्यास हरकत नाही, असे वाटू लागते. पत्र लिहिण्यासाठी, हिशेबासाठी किंवा इंटरनेट पाहण्यासाठी आपण नेहमीच्या प्रोग्रॅमवर क्लिक करतो आणि पुढे काहीच घडत नाही. माऊसच्या बाणापाशी वर्तुळ फिरत राहते, डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद, जुन्या यंत्रावर कधी अर्धा मिनिटही जातो आणि मग कुठे खिडकी उघडते. गंमत पुढेच आहे. तोच प्रोग्रॅम बंद करून लगेच पुन्हा उघडला, तर तो दोन-तीन सेकंदांत समोर हजर होतो. प्रोग्रॅम तोच, संगणक तोच, क्लिक करणारा हातही तोच. मग या दोन वेळांमध्ये बदलते ते काय?

प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे उत्तर चुकले की खिशाला चाट बसते. संगणक संथ झाला म्हणून कोणी रॅम वाढवून घेतो, कोणी ‘वेग वाढवणारी’ सॉफ्टवेअर घालतो, तर कोणी चांगला चालणारा संगणकच भंगारात काढतो. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यानंतर तर जुन्या यंत्राचे काय करायचे, हा प्रश्न असंख्य घरांत आणि छोट्या कार्यालयांत उभा राहिला. अशा वेळी संगणकाचा वेळ नेमका कुठे जातो, हे माहीत असलेले बरे.

दफ्तरखाना आणि टेबल

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे अनेकांना ठाऊक असेल. अशा एखाद्या दफ्तरखान्याची कल्पना करावी. अभ्यासक टेबलाशी बसला आहे. त्याला हवा असलेला कागद आतल्या दालनातल्या कपाटात, कुठल्या तरी रुमालात आहे. शिपाई उठतो, आत जातो, कपाट शोधतो, रुमाल सोडतो आणि कागद आणून देतो. एकदा कागद टेबलावर आला की तो कितीही वेळा पाहता येतो, त्यासाठी पुन्हा आत जावे लागत नाही. मात्र संध्याकाळी दफ्तर बंद होताना टेबल पूर्ण रिकामे केले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कागद मागितला की शिपायाची खेप पुन्हा पहिल्यापासून सुरू.

संगणकातही अशीच दोन ठिकाणे असतात. कपाटांचे दालन म्हणजे हार्ड डिस्क. वीज गेली तरी तिथला मजकूर जात नाही. टेबल म्हणजे मुख्य स्मृती, अर्थात रॅम. ती अतिशय वेगवान असते, परंतु वीज बंद होताच तिच्यातील सर्व काही पुसले जाते. प्रोसेसर जे काही काम करतो ते या टेबलावरच्या मजकुरावर करतो, थेट कपाटातल्या मजकुरावर नव्हे. म्हणूनच संगणक नव्याने सुरू झाला की टेबल रिकामे असते आणि प्रत्येक गोष्ट आतून आणावी लागते. पहिल्या वेळच्या विलंबाचे मूळ येथे आहे. मात्र केवळ ‘आणावे लागते’ एवढ्याने पंधरा सेकंदांचा हिशेब लागत नाही. तो लागण्यासाठी ही खेप किती महाग असते, हे पाहावे लागेल.

तबकडीचा वेग थांबला

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून एका आसाच्या टोकाला बसवलेले वाचनशीर्ष, म्हणजे हेड, मागेपुढे सरकत असते. हवा असलेला मजकूर ज्या वर्तुळाकार पट्ट्यावर असेल तिथवर हेडने आधी सरकायचे आणि मग तबकडी फिरत फिरत तो मजकूर हेडखाली येईपर्यंत थांबायचे, अशी ही रचना आहे.

मेजावरच्या संगणकांतील सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या आणि एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक थांबावे लागते. हेड सरकण्यास सरासरी नऊ मिलिसेकंद धरले, तर एका खेपेला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाचा हा अगदी बारीक अंश आपल्याला जाणवणारही नाही. परंतु प्रोसेसरच्या दृष्टीने तो एक युगच असतो. सेकंदाला तीन अब्ज ठोक्यांनी चालणाऱ्या प्रोसेसरचे या अवधीत सुमारे ३ कोटी ९० लाख ठोके होऊन जातात.

हीच तुलना माणसाच्या वेळेत मांडली तर अधिक बोलकी होते. रॅममधून मजकूर मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हा अवधी एक सेकंद मानला, तर हार्ड डिस्कच्या एका खेपेला त्याच मापाने सुमारे ३६ तास, म्हणजे दीड दिवस लागेल. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद आणि आतला कागद यायला दीड दिवस, असा हा व्यवहार आहे.

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रॅमॅक या यंत्रातील पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंचांच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तिच्यातून हवा तो मजकूर मिळण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत डिस्कची क्षमता लक्षावधी पटींच्या हिशेबात वाढली, परंतु मजकूर शोधण्याचा वेळ ६०० वरून १३ मिलिसेकंदांवर, म्हणजे जेमतेम ४५ पटींनीच खाली आला. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क १९९२ मध्येच बाजारात आली होती आणि घरगुती संगणकांत तोच वेग पुढे दोन दशके कायम राहिला. सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क निघाल्या, पण त्या महाग आणि तापणाऱ्या होत्या. लॅपटॉपमध्ये तर वीज वाचवण्यासाठी बहुधा ५४०० फेऱ्यांचीच डिस्क बसवली जाई. प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी झेप घेत राहिला, शिपायाचे पाय मात्र तेवढेच चालत राहिले.

मागितले तेवढेच पान

आता कोणी म्हणेल, की प्रोग्रॅमची फाईल एकदाच सलग वाचून घ्यावी, म्हणजे खेपा कशाला घालायच्या? शंका रास्त आहे. डिस्कवर सलग ठेवलेला मजकूर वाचताना हेडला इकडेतिकडे सरकावे लागत नाही आणि साधी डिस्कही सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास मजकूर देऊ शकते. त्या हिशेबाने ५० मेगाबाइटचा प्रोग्रॅम अर्ध्या सेकंदात यायला हवा.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅम संपूर्ण वाचतच नाही. ती त्याचे चार-चार किलोबाइटचे तुकडे कल्पिते, त्यांना ‘पान’ म्हणतात. प्रोग्रॅम सुरू करताना ती फक्त कुठले पान डिस्कवर कुठे आहे याची नोंद करून ठेवते. प्रोसेसरला एखाद्या पानाची खरोखर गरज पडली आणि ते स्मृतीत नाही असे आढळले, की काम तिथेच थांबते, पान आणले जाते आणि मग काम पुढे सरकते. मागणीनुसार पान आणण्याच्या या पद्धतीचे मूळ मँचेस्टर विद्यापीठात विकसित झालेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात आहे. त्या काळी स्मृती अतिशय महाग होती. जे वापरले जाणार नाही ते आणायचेच कशाला, हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही चुकीचा नाही. मोठ्या प्रोग्रॅममधल्या असंख्य सोयींपैकी आपण रोज वापरतो त्या मोजक्याच. सगळेच आणले तर स्मृती निष्कारण अडून राहील.

पण या काटकसरीची किंमत पहिल्या वेळी मोजावी लागते. प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उड्या मारत असतो. एक पान वाचावे तेव्हा कळते, की आता भलतेच पान हवे आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मागितलेल्या पानाबरोबर आजूबाजूची थोडी पानेही आणून ठेवते. तरीही उड्या लांबच्या असल्या की त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा विखुरलेल्या एक हजार खेपा झाल्या आणि प्रत्येकीला १३ मिलिसेकंद लागले, तर एकूण १३ सेकंद होतात. सलग वाचनाला अर्धा सेकंद, विखुरलेल्या वाचनाला तेरा. क्लिक केल्यानंतर आपण जो वेळ मोजतो, तो मुख्यतः हाच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढचे पान कोणते हवे ते आधीचे पान हाती आल्याशिवाय कळत नसल्याने या खेपा एकामागून एकच होतात. चार शिपाई ठेवले तरी काम चौपट वेगाने होत नाही. म्हणूनच दोन किंवा चार गाभ्यांचा महागडा प्रोसेसरही अशा वेळी स्वस्थ बसून राहतो.

एकाच्या हाताला दहा जण

आजचा कोणताही प्रोग्रॅम एकट्याने काम करत नाही. खिडकी काढणे, अक्षरे उमटवणे, छापणे, जाळ्याशी बोलणे ही कामे अनेक प्रोग्रॅमना सामाईक असतात. ती प्रत्येकाने आपल्या पोटात बाळगण्याऐवजी वेगळ्या फाईलींत ठेवलेली असतात. विंडोजमध्ये त्यांना डीएलएल म्हणतात. एखादा मोठा प्रोग्रॅम उघडला की अशा कित्येक डझन फाईली उघडाव्या लागतात. प्रत्येक फाईल आधी शोधायची, ती स्मृतीत योग्य जागी बसवायची आणि तिच्यातील कामांचे पत्ते मूळ प्रोग्रॅमला जोडून द्यायचे, असा हा सोपस्कार असतो. त्यानंतर फॉन्टची यादी, वापरणाऱ्याने केलेल्या निवडी, शब्दकोश, जोडीला घातलेली प्लगइन हे सर्व वाचले जाते. यांतली प्रत्येक गोष्ट डिस्कवर वेगळ्या ठिकाणी आणि म्हणून प्रत्येकीसाठी वेगळी खेप.

त्यात अँटिव्हायरसची भर पडते. कोणतीही फाईल उघडली जात असताना तो तिला मध्येच अडवून तपासतो. एकदा तपासलेली फाईल बदललेली नसेल तर पुन्हा तपासायची नाही, अशी नोंद बहुतेक अँटिव्हायरस ठेवतात. पण संगणक नव्याने सुरू झाल्यावर किंवा विषाणूंची यादी अद्ययावत झाल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागू शकते. तपासणी आवश्यक आहे याबद्दल दुमत नाही, मात्र तिचा वेळही पहिल्या वेळच्याच खात्यावर पडतो.

दुसऱ्या वेळची किमया

आता दुसऱ्या क्लिकचे कोडे सहज सुटते. आपण प्रोग्रॅम बंद करतो तेव्हा तो पडद्यावरून जातो, पण डिस्कवरून आणलेली त्याची पाने ऑपरेटिंग सिस्टीम लगेच फेकून देत नाही. स्मृतीत जागा आहे तोवर ती तशीच राहू द्यावी, न जाणो पुन्हा मागणी येईल, असे तिचे धोरण असते. या साठ्याला कॅश म्हणतात. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम उघडला की जवळजवळ सर्व पाने या साठ्यातच सापडतात आणि हार्ड डिस्ककडे जाण्याचे कारणच उरत नाही. उरतो तो फक्त प्रोसेसरचा वेळ आणि तो एक-दोन सेकंदांचाच असतो. तंत्रज्ञांच्या भाषेत पहिल्या वेळेला ‘कोल्ड स्टार्ट’ आणि दुसऱ्या वेळेला ‘वॉर्म स्टार्ट’ असे म्हटले जाते. गाडीचे इंजिन सकाळी थंड असते, तसाच हा प्रकार.

डीएलएल सामाईक असण्याचा लाभही येथेच मिळतो. एका प्रोग्रॅमने आणलेल्या सामाईक फाईली दुसऱ्यालाही तयारच मिळतात. सकाळी उघडलेला पहिला प्रोग्रॅम सर्वांत संथ आणि त्यानंतरचे तुलनेने बरे, असा जो अनुभव येतो त्याचे हे एक कारण आहे.

महाराष्ट्रात दोन हजारच्या दशकात ज्यांनी भारनियमनाच्या छायेत संगणक वापरला, त्यांना हा साठा नाहीसा होण्याचा फटका दिवसातून अनेकदा बसत असे. वीज गेली की केवळ न साठवलेले पत्रच जाई असे नाही, दिवसभरात हळूहळू भरलेले टेबलही क्षणात रिकामे होई. वीज परतल्यावर डिस्कची तपासणी, मग संपूर्ण सुरुवात आणि मग प्रत्येक प्रोग्रॅमची पुन्हा पहिली वेळ! दिवसातून एकदा येणारी सकाळ अशा ठिकाणी तीन-चारदा येत असे.

सकाळची झुंबड

विलंबाचे आणखी एक कारण आहे आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर चित्र आले याचा अर्थ संगणक पूर्ण सुरू झाला असा होत नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी आणताना नमुनेदार संगणक ३० सेकंदांत वापरण्याजोगा व्हावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. ते साधण्यासाठी जे काम नंतर केले तरी चालेल ते पुढे ढकलणे ओघाने आलेच. त्यामुळे पडद्यावर चित्र दिसू लागते तेव्हा पाठीमागे कितीतरी कामे चालूच असतात. अँटिव्हायरस आपली यादी वाचत असतो, अद्ययावत करणारे प्रोग्रॅम नवी आवृत्ती आली का हे पाहत असतात, प्रिंटरचे, मोबाइलचे आणि संवाद साधण्याचे प्रोग्रॅम न सांगता सुरू होत असतात.

नेमक्या याच वेळी आपण क्लिक करतो. हेड एकच आणि मागण्या दहा ठिकाणांहून. एकाचे पान आणायला निघालेले हेड वाटेत दुसऱ्याच्या कामासाठी भलतीकडे वळते आणि पुन्हा परत येते. एरवी १३ सेकंदांचे काम मग पाऊण मिनिटावरही जाऊ शकते. चाळीत सकाळी नळाला पाणी आले की सर्वांनी एकदम हंडे लावावेत आणि कोणाचाच हंडा लवकर भरू नये, अशी ही अवस्था. म्हणून फिरत्या डिस्कचा संगणक सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे त्याला स्वस्थ राहू देणे आणि डिस्कचा दिवा शांत झाल्यावर क्लिक करणे, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला निव्वळ धीर देणारा नाही, तर तांत्रिकदृष्ट्याही योग्य आहे. खिडकी येत नाही म्हणून वैतागून पुन्हा पुन्हा क्लिक करणे मात्र झुंबडीत आणखी हंडे आणण्यासारखे आहे.

उपाय आणि उपद्व्याप

या विलंबावर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी आधी आपापल्या परीने उपाय शोधले. ओपनऑफिसचा क्विकस्टार्टर किंवा अडोबी रीडरचा स्पीड लाँचर ही त्याची उदाहरणे. संगणक सुरू होतानाच प्रोग्रॅमचा काही भाग वाचून ठेवायचा, म्हणजे क्लिक केल्यावर तो लवकर उघडलेला दिसेल, ही त्यामागची युक्ती. ती एका प्रोग्रॅमपुरती पाहिली तर चांगली होती. पण प्रत्येकानेच तसे केल्यावर सकाळची झुंबड वाढली आणि त्या दिवशी जो प्रोग्रॅम उघडायचाही नव्हता त्याच्यासाठी सर्वांना थांबावे लागू लागले.

हे काम एकेका प्रोग्रॅमने न करता ऑपरेटिंग सिस्टीमने करणे अधिक शहाणपणाचे होते. विंडोज एक्सपीमध्ये आलेली ‘प्रीफेच’ ही सोय तशीच होती. कोणताही प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत त्याने कोणत्या फाईलींची कोणती पाने मागितली, याची ती नोंद ठेवते. पुढच्या वेळी तो प्रोग्रॅम उघडला, की नोंदीतली पाने मागणीची वाट न पाहता एकदम आणि शक्य तितक्या क्रमवार आणली जातात. अभ्यासक रोज कोणते रुमाल मागतो हे ठाऊक झालेल्या शिपायाने एकाच फेरीत ते सगळे काखोटीला मारून आणावेत, तसे हे आहे. संगणक रिकामा असताना या फाईली डिस्कवर जवळजवळ मांडून ठेवण्याचे कामही एक्सपी करीत असे.

याच सोयीबद्दल एक गैरसमज मात्र वर्षानुवर्षे फिरत राहिला. ‘प्रीफेच’ नावाचे फोल्डर रिकामे केले की संगणक वेगवान होतो, असा सल्ला अनेकांनी ऐकला असेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम नसतात, फक्त नोंदी असतात. त्या पुसल्या की शिपायाची यादीच हरवते आणि पुढची सुरुवात आणखी संथ होते. जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढून टाकते, त्यासाठी कोणी झाडू हाती घेण्याची गरज नाही.

विंडोज व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत सर्वांसाठी बाजारात आली तेव्हा तिच्यात ‘सुपरफेच’ ही सोय होती. आपण कोणते प्रोग्रॅम वारंवार आणि कोणत्या वेळी वापरतो हे पाहून ती मागणी होण्यापूर्वीच पाने आणून ठेवी. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत ती ‘सिसमेन’ या नावाने राहिली. लिनक्ससाठीही बेहदाद इस्फाहबोद यांनी २००५ मध्ये ‘प्रीलोड’ नावाचा अशाच कामाचा प्रोग्रॅम लिहिला. व्हिस्टा आल्यावर मात्र अनेकांची तक्रार अशी होती, की काही न उघडताच स्मृती भरलेली कशी दिसते? या तक्रारीमागे रॅम रिकामी असणे म्हणजे संगणक निरोगी असणे, ही समजूत होती. खरे तर रिकामी स्मृती ही पैसे देऊन घेतलेली पण न वापरलेली स्मृती. तिच्यात कॅश भरलेली असली तरी एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी होताच ती तत्काळ सोडली जाते. ‘रॅम मोकळी करणारी’ सॉफ्टवेअर नेमका हाच साठा उधळून लावतात. आकडा डोळ्यांना बरा दिसतो आणि पुढचा प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या वेळेसारखा रेंगाळतो.

फिरणे थांबले आणि प्रश्न सुटत गेला

खरा बदल घडवला तो एसएसडीने. या साठ्यात तबकडीही नाही आणि हेडही नाही. मोबाइलच्या मेमरी कार्डात असतात तशा जातीच्या फ्लॅश चिपवर सारा मजकूर असतो आणि कोणत्याही जागी पोहोचण्यास सारखाच, म्हणजे साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. आपल्या मघाच्या मापाने दीड दिवसाची खेप सुमारे १७ मिनिटांवर आली. एक हजार विखुरलेल्या खेपांना १३ सेकंदांऐवजी एक दशांश सेकंद पुरू लागला. हजार उड्या मारण्याची प्रोग्रॅमची सवय गेली नाही, पण उडी स्वस्त झाली. २००८ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बाजारात येऊ लागलेल्या एसएसडी सुरुवातीला महाग होत्या. पुढील दशकात त्या आवाक्यात आल्या आणि नव्या लॅपटॉपमध्ये त्याच नेहमीच्या झाल्या.

एसएसडी आल्यानंतरही पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत थोडा फरक उरतोच, कारण रॅम तिच्याहूनही कितीतरी वेगवान आहे आणि पत्ते जोडणे, तपासणी करणे ही कामेही करावीच लागतात. शिवाय काही प्रोग्रॅम सुरू होताना इंटरनेटवरून परवाना किंवा खाते पडताळतात. तिथे विलंब डिस्कचा नसून जाळ्याचा असतो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आणखी एक बदल झाला. जिथे ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असते, तिथे आपण ‘शट डाउन’ केले की प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो तिथूनच उचलला जातो. त्यामुळे पडद्यावर चित्र लवकर येते, पण आपले प्रोग्रॅम बंदच झालेले असल्याने त्यांची पहिली वेळ टळत नाही. प्रणालीत काही बिघाड जाणवत असेल आणि तिला खरोखर कोरी सुरुवात द्यायची असेल, तर अशा संगणकावर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करावे लागते. याउलट ‘स्लीप’ केल्यास रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि मांडलेले टेबल तसेच राहते. दुपारच्या जेवणासाठी उठताना संगणक पूर्ण बंद करण्यापेक्षा स्लीप बरे, ते याचसाठी.

खर्च करण्यापूर्वी एक चाचणी

आपल्या संगणकाचे दुखणे नेमके कोणते, हे घरच्या घरी तपासता येते. त्यासाठी हाताशी घड्याळ असले की पुरे. संगणक रीस्टार्ट करावा आणि चित्र येताच नेहमीचा एखादा मोठा प्रोग्रॅम उघडून वेळ मोजावा. पुन्हा रीस्टार्ट करून या वेळी पाच मिनिटे थांबावे आणि मग तोच प्रोग्रॅम उघडून वेळ मोजावा. शेवटी तो बंद करून लगेच पुन्हा उघडावा आणि तिसरी वेळ नोंदवावी.

पहिली वेळ मोठी आणि दुसरी बरीच कमी असेल, तर दोष सकाळच्या झुंबडीचा आहे. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी टास्क मॅनेजरमध्ये पाहावी आणि अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. त्याला काहीच खर्च येत नाही. अँटिव्हायरस मात्र या यादीतून काढू नये. दुसरी वेळ मोठी आणि तिसरी अगदी कमी असेल, तर अडथळा डिस्कचा आहे. रॅम दुप्पट केल्याने ही पहिली वेळ कमी होणार नाही, कारण टेबल कितीही मोठे घेतले तरी सकाळी ते रिकामेच असते. अशा यंत्रात एसएसडी बसवणे हाच नेमका उपाय. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची एसएसडी सहज बसते. मात्र बदल करण्यापूर्वी छायाचित्रे आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

तिन्ही वेळा जवळपास सारख्याच मोठ्या आल्या, तर प्रोसेसर अपुरा आहे, प्रोग्रॅममध्ये प्लगइनची गर्दी आहे किंवा तो जाळ्याच्या उत्तरासाठी थांबतो आहे, असे समजावे. आणि एकेक प्रोग्रॅम चटकन उघडत असला, पण पाच-सहा उघडल्यावर सर्वच संथ होत असेल, तर तेव्हा मात्र रॅम कमी पडते आहे. टेबलावर जागा नसल्याने एक कागद ठेवण्यासाठी दुसरा आत पाठवावा लागत असतो. रॅम वाढवण्याचा खर्च सत्कारणी लागतो तो येथे.

एक गोष्ट स्पष्ट असावी. एसएसडी बसवल्याने संगणक वेगवान होतो, विंडोज ११ साठी पात्र होत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ज्यांच्या यंत्रात ते नाही त्यांच्यासाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे आणि लेखन, हिशेब, इंटरनेट एवढ्या कामांसाठी तो पुरेसा आहे. म्हणजे निर्णय दोन आहेत, वेगाचा वेगळा आणि सुरक्षिततेचा वेगळा. दुकानात ते पुष्कळदा एकत्र करून सांगितले जातात. ‘फार जुना झाला, नवाच घ्या’ हे वाक्य ऐकण्यापूर्वी वरच्या तीन वेळा एका कागदावर लिहून नेल्या, तर बोलणे कशावर करायचे हे तरी दोन्ही बाजूंना ठाऊक असेल.